दोन विमानांच्या मधले मॉरिशस

मुंबईहून मादागास्कर, रेयुनियन, दक्षिण आफ्रिका किंवा ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा गाठण्याचा एक मार्ग मॉरिशसवरून जातो, आणि या मार्गावरच्या प्रवाशाला पुढच्या विमानाची वाट पाहत त्या बेटावर कधी सहा-आठ तास, तर कधी जवळजवळ अख्खा दिवस काढावा लागतो. दुबई किंवा सिंगापूरहून एकाच शहराकडे दिवसाला अनेक विमाने सुटत असल्याने तिथल्या वेळा एकमेकींशी जुळवणे सोपे जाते. मॉरिशसहून मात्र कित्येक ठिकाणी आठवड्यातून मोजकीच विमाने जातात आणि त्यामुळे वेळापत्रकात मोठी पोकळी राहते. विमानवाहतुकीच्या व्यवहारात चोवीस तासांहून कमी असलेल्या अशा थांब्याला ‘लेओव्हर’ म्हणतात, तर त्याहून मोठ्या आणि बहुधा प्रवाशाने स्वतःच्या मर्जीने घेतलेल्या मुक्कामाला ‘स्टॉपओव्हर’ म्हणण्याची पद्धत आहे. हा फरक नुसता परिभाषेचा नाही, कारण सामान कुठवर जाणार, तिकिटाचा दर किती लागणार आणि पारपत्रावर शिक्का घ्यावा लागणार की नाही, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा त्यावर ठरतात.

मॉरिशसविषयीची बहुतेक पर्यटनपुस्तके आठवडाभराचा मुक्काम गृहीत धरून लिहिलेली असल्याने, मोजके तास हाती असलेल्या प्रवाशासमोर त्यांतून दोनच वाटा उरतात: एक म्हणजे विमानतळाच्या खुर्चीत बसून राहणे आणि दुसरी म्हणजे टॅक्सी करून पश्चिमेच्या शामारेलपासून उत्तरेच्या ग्रांबेपर्यंत धावत सुटणे. पहिल्या वाटेने काहीच पाहून होत नाही आणि दुसरीने पाहिले जाते ते मुख्यतः गाडीच्या काचेतून दिसणारे उसाचे मळे. विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे आणि या बेटाच्या इतिहासातील व निसर्गातील महत्त्वाच्या घडामोडींपैकी बऱ्याचशा त्याच कोपऱ्यात, दहा-बारा किलोमीटरच्या टापूत घडल्या आहेत. त्यामुळे थोडक्या वेळात मॉरिशस समजून घ्यायचे असेल, तर बेट ओलांडण्याऐवजी तो कोपरा नीट पाहणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

थांबणाऱ्यांनी घडवलेले बेट

मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १८६५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे पासष्ट आणि पूर्व-पश्चिम सुमारे पंचेचाळीस किलोमीटर एवढाच त्याचा विस्तार. ज्वालामुखीतून वर आलेल्या या बेटावर मूळची मानवी वस्ती नव्हती. अरब खलाशांना ते ठाऊक होते, पोर्तुगीज जहाजे तिथे टेकून गेली, आणि १५९८ साली वायब्रांट व्हान वारवाइक याच्या नेतृत्वाखालील डच जहाजे आग्नेयेच्या उपसागरात नांगर टाकून थांबली तेव्हा बेटाला नासाऊचा राजपुत्र मॉरित्स याचे नाव मिळाले. यांपैकी कोणाच्याही प्रवासाचा शेवट मॉरिशस हा नव्हता. त्यांना जायचे होते जावाकडे, भारताकडे किंवा परत युरोपकडे. मॉरिशसवर त्यांना हवे होते ते गोडे पाणी, ताजे मांस, डोलकाठीची दुरुस्ती आणि वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत आसरा. बेटाच्या राजचिन्हावर आजही ‘हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली’ या अर्थाचे लॅटिन बोधवाक्य आहे, आणि त्यातली किल्ली ही सागरी मार्गावरच्या मोक्याच्या मुक्कामाची खूण आहे.

या मुक्कामाच्या इतिहासात सर्वांत लांबलेला थांबा मॅथ्यू फ्लिंडर्स या ब्रिटिश नौकानयनतज्ज्ञाच्या वाट्याला आला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण करून इंग्लंडला परतताना त्याची ‘कंबरलँड’ ही लहानशी नौका गळू लागली, म्हणून डिसेंबर १८०३ मध्ये तो तत्कालीन फ्रेंच मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्याला लागला. त्याच्याजवळ फ्रेंच सरकारने दिलेला परवाना होता, पण त्यावर ‘इन्व्हेस्टिगेटर’ या त्याच्या आधीच्या जहाजाचे नाव होते, आणि ब्रिटन व फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटलेले असल्याने गव्हर्नर देकाएँ याने हेर असल्याच्या संशयावरून त्याला अडकवून ठेवले. जून १८१० मध्ये सुटका होईपर्यंतच्या साडेसहा वर्षांत फ्लिंडर्सने तिथे आपल्या नोंदी लावल्या, नकाशे काढले आणि ‘ऑस्ट्रेलिया’ हे नाव वापरणारा त्या खंडाचा नकाशाही तयार केला. कागदपत्रांवरची नावे आणि तपशील जुळतात की नाही हे प्रवासाआधी तपासण्याचा सल्ला आज विमानकंपन्या देतात, त्याला या बेटावर असा दोनशे वर्षांचा पूर्वेतिहास आहे.

१८४९ पासून पोर्ट लुई बंदरात वापरात आलेला आप्रवासी घाट हाही मुळात एक थांबाच होता. गुलामगिरी १८३५ मध्ये बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारनाम्यावर अंगठा उठवून आणलेले गिरमिटिये, भारतातून येऊ लागले, आणि जहाजातून उतरल्यावर मळ्यांवर वाटणी होईपर्यंत त्यांना या तळावर ठेवले जाई. पाच लाखांच्या जवळपास माणसे या वाटेने आली. त्यांतले काही इथूनच रेयुनियन, आफ्रिका किंवा कॅरिबियन बेटांकडे रवाना झाले. कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरीने मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली, आणि त्यांतून कोकण व देशावरची कुटुंबे गेली. युनेस्कोने २००६ मध्ये या घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर युरोप आणि भारत यांच्यामधल्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही आणि मॉरिशसचे मुक्कामाचे महत्त्व ओसरले. ते काही अंशी परत आले विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आग्नेयेच्या प्लेझान्स येथील सपाटीवर धावपट्टी बांधली आणि युद्धानंतर ती नागरी वाहतुकीसाठी खुली झाली. ऑस्ट्रेलिया ते दक्षिण आफ्रिका हे अंतर एका झेपेत कापू शकणारी विमाने त्या काळी नव्हती, म्हणून १९५२ मध्ये क्वांटास कंपनीने सुरू केलेली जोहान्सबर्गची सेवा कोकोस बेटे आणि मॉरिशस येथे थांबत जाई. आज त्याच प्लेझान्सला सर सिवसागर रामगुलाम यांचे नाव असलेला आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या नव्या इमारतीची रचना पंख्यासारखी पाने पसरणाऱ्या ‘ट्रॅव्हलर्स पाम’ या मादागास्करच्या झाडावरून सुचलेली आहे.

वेळेचा हिशेब

आठ तासांचा थांबा म्हणजे आठ तासांचे पर्यटन नव्हे, हे आधीच मनाशी पक्के केलेले बरे. विमानातून उतरून पारपत्र तपासणी व सीमाशुल्क पार करून बाहेर येण्यात पहिला तास जातो, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी परतण्याचा संकेत पाळला तर शेवटचे तीन तासही हिशेबातून वजा होतात. उरलेल्या चार तासांतून जाण्यायेण्याचा तासभर काढला, तर प्रत्यक्ष पाहण्या-फिरण्यासाठी तीन तास हाती राहतात. पोर्ट लुई विमानतळापासून सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटरवर आहे आणि तिकडे जाणारा महामार्ग कामाच्या वेळांत तुंबलेला असतो. त्यामुळे आठ तासांच्या थांब्यात राजधानी गाठण्याचा बेत केला, तर निम्म्याहून अधिक वेळ रस्त्यातच संपतो. पोर्ट लुई आणि क्युअरपिप यांना जोडणारी मेट्रो एक्सप्रेस ही हलकी रेल्वे लार्सन अँड टुब्रो या भारतीय कंपनीने बांधली आहे, परंतु तिचा मार्ग विमानतळापर्यंत येत नाही. सहा तासांहून कमी थांबा असेल तर बाहेर न पडणेच इष्ट; आठ ते बारा तासांत आग्नेयेचा कोपरा व्यवस्थित पाहून होतो; आणि बारा तासांपेक्षा अधिक वेळ असला, शिवाय त्यातला बराचसा उजेडाचा असला, तरच बेटाच्या आतल्या भागाचा विचार करावा.

भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, मात्र पुढच्या प्रवासाचे निश्चित तिकीट दाखवावे लागते आणि आगमनाचा अर्ज निघण्यापूर्वीच ऑनलाइन भरून ठेवणे सोयीचे असते. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर सामान बहुधा थेट अंतिम ठिकाणापर्यंत जाते आणि प्रवासी हातातल्या पिशवीनिशी मोकळा होतो. तिकिटे वेगवेगळी असतील तर सामान स्वतः उतरवून पुन्हा द्यावे लागते, म्हणून ही चौकशी मुंबईच्या खिडकीवरच करून घ्यावी. पीतज्वराचा, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या ‘यलो फीव्हर’ या रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकी देशांतून परतणाऱ्यांना लसीकरणाचा दाखला मॉरिशसमध्ये आणि पुढे भारतातही मागितला जाऊ शकतो.

मॉरिशसचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे चालते. दक्षिण गोलार्ध असल्याने मे ते ऑक्टोबर हा तिथला थंड व कोरडा काळ, तर नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण, दमट आणि चक्रीवादळांचा काळ असतो. वादळाच्या इशाऱ्यांच्या चढत्या श्रेणी तिथे रेडिओवरून जाहीर होतात आणि वरच्या श्रेणीचा इशारा लागू झाला की विमानतळही बंद होतो. जानेवारी २०२४ मधील ‘बेलाल’ वादळाच्या वेळी असेच झाले. आग्नेयेकडून वर्षभर वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांना, म्हणजे शिडाच्या जहाजांना हुकमी साथ देणाऱ्या त्या एकाच दिशेच्या वाऱ्यांना, हा कोपरा सरळ सामोरा आहे. धावपट्टीही त्यांच्याच दिशेने आखलेली आहे, आणि लख्ख उन्हातून अचानक सर येऊन जाणे हे इथे नेहमीचे आहे.

चलन रुपयाच आहे, पण तो मॉरिशसचा रुपया, आणि त्याच्या नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ व हिंदीतही रक्कम छापलेली असते. टॅक्सीत मीटरप्रमाणे पैसे घेण्याची रीत फारशी नसल्याने बसण्यापूर्वीच भाडे ठरवावे लागते, त्यातही जाणे, थांबणे आणि परत येणे असे तिन्ही मिळून ठरवलेले चांगले. घाई नसेल तर माएबूरकडे जाणारी बस विमानतळाजवळून मिळते आणि ती टॅक्सीच्या मानाने फारच स्वस्त पडते.

धावपट्टीशेजारचा डोडो

जगातून नाहीशा झालेल्या प्राण्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध असलेला डोडो हा मॉरिशसचाच, कबुतरांच्या कुळातला, उडण्याची शक्ती गमावलेला मोठा पक्षी. डच खलाशांच्या पहिल्या थांब्यानंतर शतकभराच्या आतच तो संपला. माणसांनी त्याला मारून खाल्ले हे खरे, पण जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी त्याची जमिनीवरची अंडी फस्त केली, हे त्याच्या नाशाचे अधिक मोठे कारण मानले जाते. त्यानंतर दीर्घ काळ डोडोची ओळख काही चित्रांपुरती आणि युरोपातल्या संग्रहालयांमधील तुटपुंज्या अवशेषांपुरती उरली होती, इतकी की असा पक्षी खरोखर होता का, याविषयीही शंका घेतली जाई. १८६५ मध्ये माएबूर येथील शाळामास्तर जॉर्ज क्लार्क याने प्लेझान्सजवळच्या ‘मार ओ साँज’ या दलदलीतून डोडोची हाडे मोठ्या संख्येने बाहेर काढली आणि तो वाद मिटला. साँज म्हणजे अळू, आणि अळू माजलेली ही दलदल आजच्या विमानतळाला जवळजवळ लागूनच आहे. युद्धकाळात मलेरियाला आळा घालण्यासाठी ती दगड-मातीने बुजवण्यात आली. २००५ पासून डच व मॉरिशियन संशोधकांनी तिथे पुन्हा उत्खनन केले, तेव्हा डोडो, राक्षसी कासवे आणि इतर प्राण्यांच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या हाडांचा दाट थर हाती लागला. ही जागा सहलीसाठी खुली नाही, पण उतरणाऱ्या विमानातील प्रवासी बेटावरच्या सर्वांत मोलाच्या जीवाश्मस्थळाच्या अगदी जवळ जमिनीला टेकतो, एवढे त्याने ध्यानात ठेवावे.

माएबूर: एक उपसागर, दोन दुर्घटना

विमानतळापासून वीस-पंचवीस मिनिटांवर असलेले माएबूर हे गाव फ्रेंच गव्हर्नर देकाएँ याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी वसवले आणि त्याला माए द लाबूर्दोने या आधीच्या कर्तबगार गव्हर्नराचे नाव दिले. काटकोनात एकमेकांना छेदणारे अरुंद रस्ते, लाकडी दर्शनी भागांची जुनी दुकाने, बाजार, चर्च, मशीद, मंदिरे आणि समुद्रकाठचा मोकळा धक्का अशी त्याची ठेवण पायी तासाभरात पाहून होते. सोमवार हा इथल्या मोठ्या बाजाराचा दिवस असल्याने ज्यांचा थांबा त्या दिवशी पडतो, त्यांना भाजीपाल्यापासून कपड्यांपर्यंतची गर्दी आयती पाहायला मिळते.

धक्क्यावरून दिसणारा उपसागर शांत आणि उथळ वाटतो, पण त्याच्या तळाशी प्रवाळखडक आहेत आणि त्यांनी दोनदा इतिहास घडवला. ऑगस्ट १८१० मध्ये इथे फ्रेंच आणि ब्रिटिश नौदलांत आठवडाभर चाललेल्या ग्रां पोरच्या लढाईत ब्रिटिशांच्या ‘सिरियस’ आणि ‘मॅजिसियेन’ या युद्धनौका खडकांवर चढून अडकल्या आणि अखेर त्यांच्याच खलाशांना त्या पेटवून द्याव्या लागल्या. ‘नेरेइड’ या तिसऱ्या नौकेची फ्रेंच तोफांनी चाळण केली. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेल्या लढायांच्या नावांत ग्रां पोरचेही नाव आहे. फ्रेंचांचा सेनानी द्युपेरे आणि ब्रिटिश कप्तान विलोबी हे दोघेही जखमी झाले आणि दोघांवर एकाच घरात उपचार झाले. त्या घरात आता राष्ट्रीय इतिहास संग्रहालय असून १७४४ मध्ये ईशान्य किनाऱ्यापाशी बुडालेल्या ‘सेंट जेराँ’ या जहाजाची घंटाही तिथे ठेवलेली आहे. फ्रेंचांचा हा विजय फार काळ टिकला नाही, कारण त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिशांनी उत्तरेकडून सैन्य उतरवून बेट ताब्यात घेतले. मात्र फ्रेंच कायदे, धर्म आणि चालीरीती कायम ठेवण्याची अट त्यांनी मान्य केली, आणि ब्रिटिश राजवटीच्या दीडशे वर्षांनंतरही माएबूरच्या बाजारात फ्रेंचमधून घडलेली क्रिऑल हीच बोली कानावर पडते, त्याचे मूळ या अटीत आहे.

दुसरी घटना अलीकडची. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज किनाऱ्याच्या फार जवळून जाताना प्वाँत देस्नीपाशी प्रवाळभित्तीवर आदळले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे एक हजार टन इंधनतेल समुद्रात मिसळू लागले. सरकारी यंत्रणा पुरी पडण्याची वाट न पाहता माएबूरच्या धक्क्यावर हजारो लोक जमले. उसाचा वाळलेला पाला जाळीदार कापडात ठासून त्यांनी लांबलचक वळकट्या शिवल्या, त्या तरंगाव्यात म्हणून त्यांना प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि होड्यांमागून ओढत नेऊन तेलाच्या तवंगासमोर आडव्या सोडल्या. बेटावर विपुल असलेली एकच वस्तू म्हणजे उसाचे पाचट, आणि तेच संकटात उपयोगी पडले. जवळचे ब्लू बे सागरी उद्यान, जे २००८ पासून पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीच्या रामसर करारात नोंदलेले आहे, बऱ्याच अंशी वाचले. काचेच्या तळाच्या होडीतून तिथले प्रवाळ पाहण्यास तासभर पुरतो, आणि समुद्रात उतरून ओले होण्याची सवड नसलेल्या प्रवाशासाठी ही सोय चांगली आहे.

गावातली आणखी एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. ला शो नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या वस्तीत गेले की १८७० पासून चालत आलेला राउ कुटुंबाचा बिस्किटांचा कारखाना लागतो. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा लाबूर्दोनेने अठराव्या शतकात ब्राझीलहून या बेटावर आणला. इथे तो सोलून, धुऊन, किसून दाबतात, म्हणजे त्यातला विषारी अंश असलेला रस निघून जातो. मग वाळवलेला कीस चाळून त्याचे पीठ चौकोनी साच्यांत भरतात आणि उसाच्या पाचटावर तापवलेल्या लोखंडी तव्यांवर ती बिस्किटे भाजतात. कामगार बायका हाताच्या सवयीने एकेक बिस्किट उलटवत जातात, आणि नारळ, दालचिनी, बडीशेप अशा स्वादांची ती कोरडी, टणक बिस्किटे चहाबरोबर पाहुण्यांपुढे येतात. कारखाना सुटीच्या दिवशी बंद असतो, एवढे पाहून जावे.

जेवणासाठी उपाहारगृह शोधण्याची गरज नाही. बाजाराच्या कडेला काचेच्या पेटीत ढोलपुरी घेऊन बसलेले विक्रेते असतात. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरे घालून पुरणपोळीसारखीच पातळ पारीत भरायची आणि तव्यावर भाजायची, अशी तिची कृती. फरक एवढाच की ती तिखटामिठाची असते. ती नेहमी जोडीनेच मिळते: दोन पोळ्या एकमेकींवर ठेवून त्यांवर डबल बीची रस्साभाजी, टोमॅटोची ‘रुगाय’ नावाची दाट चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून देतात. गिरमिटियांच्या बिहारी चुलीवरून आलेला हा पदार्थ आता सर्व धर्मांच्या आणि वर्णांच्या मॉरिशियनांचा झाला आहे. तिच्या जोडीला ‘गातो पिमाँ’ हे छोटे डाळवडे आणि सब्जा घातलेले ‘आलुदा’ हे थंडगार दूधपेय घेतले की शाकाहारी माणसाचेही पोटभर होते.

सव्वीस हेक्टरांची दुरुस्ती

आग्नेयेच्या कोपऱ्यात एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल, तर ते ‘इल ओ एग्रेत’ हे किनाऱ्यापासून किलोमीटरभरही दूर नसलेले छोटे बेट असावे. मुख्य बेट ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे, तर हे सव्वीस हेक्टरांचे बेट प्रवाळजन्य चुनखडीचे आहे. १९६५ मध्ये ते राखीव घोषित झाले आणि गेली काही दशके मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था त्याची देखभाल करत आहे. प्वाँत जेरोमहून होडीने जाऊन मार्गदर्शकाबरोबर फिरण्यास दीड-दोन तास लागतात, आणि तिकिटाचा पैसा या कामालाच मिळतो.

डच खलाशांना मॉरिशसवर सर्वांत मोलाचे वाटले ते अबनुसाचे, म्हणजे काळ्या कठीण गाभ्याच्या झाडांचे लाकूड, आणि दोन-तीन शतकांच्या तोडीने किनारपट्टीची ती अरण्ये नष्ट झाली. इल ओ एग्रेतवर त्यांचा एक तुकडा उरला होता, पण नुसते कुंपण घालून तो वाढेना, कारण अबनुसाची फळे खाऊन बिया दूरवर टाकणारी मूळची राक्षसी कासवेच नामशेष झाली होती. झाडाखाली पडलेले फळ तिथेच कुजे. तेव्हा संशोधकांनी सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावरील राक्षसी कासवे आणून सोडली. हा प्रयोग जगभर चर्चिला गेला, कारण नाहीशा झालेल्या प्राण्याचे काम दुसऱ्या जातीकडून करून घेण्याचे ते सुरुवातीचे उदाहरण होते. कासवांनी खाल्लेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात असे आढळले, आणि आता पायवाटेच्या कडेला गुडघ्याएवढी रोपे दिसतात. वाटेत आडवे बसलेले कासव उठण्याची घाई करत नाही. त्याला वळसा घालूनच पुढे जावे लागते.

इथेच गुलाबी कबुतर भेटते. फिकट गुलाबी छाती आणि तांबूस शेपटी असलेला हा पक्षी डोडोच्याच कुळातला आणि मॉरिशसमध्ये टिकून राहिलेला त्या कुळाचा एकमेव मूळ वारस आहे. १९९० च्या सुमारास रानात त्याची संख्या जेमतेम दहावर आली होती. पक्षिसंवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यातील प्रजनन, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त आणि पुरवणी खाद्य या तीन उपायांनी ती शेकड्यांवर नेली. धावपट्टीजवळच्या दलदलीतला डोडो आणि या बेटावरचे कबुतर यांच्यात पंधरा किलोमीटरही अंतर नाही, आणि एका दुपारच्या फेरीत एक टोक पाहता येते व दुसऱ्याच्या जवळून जाता येते, हे या कोपऱ्याचे खरे वैशिष्ट्य होय.

अधिक वेळ असल्यास

बारा-चौदा तास हाती असतील तर बेटाच्या आतल्या पठाराकडे वळावे. विमानतळापासून तासाभराच्या आत ग्रां बासाँ हे विवरात साचलेले तळे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे महाशिवरात्रीची यात्रा सुरू झाली, १९७२ मध्ये त्यात गंगाजल मिसळल्यावर ते गंगा तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि २००७ मध्ये तिथे १०८ फुटांची शिवमूर्ती उभी राहिली. वाटेवर बुआ शेरीचे चहाचे मळे आहेत. तिथून दक्षिणेला उतरले की ग्री-ग्री येथे समुद्राचे निराळे रूप दिसते. बेटाला बहुतेक सर्व बाजूंनी वेढणारी प्रवाळभित्ती या जागी खंडित झालेली असल्याने खुल्या महासागराच्या लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन फुटतात आणि भित्तीअभावी उरलेल्या किनाऱ्याचे काय झाले असते, याची कल्पना येते.

मराठी वाचकाला साहजिकच ओढ वाटेल ती तिथल्या मराठी वस्तीची, पण तिची मुख्य ठिकाणे बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेच्या कास्काव्हेल परिसरात आहेत, आणि धावत्या भेटीत ती पाहिल्याचे समाधान मिळणे कठीण. पाच-सहा पिढ्यांनंतर घरातली बोली क्रिऑल झाली असली, तरी शाळांत मराठी शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते, आणि गणेश चतुर्थी ही देशाची सार्वजनिक सुटी आहे. कोकणातल्या जाखडी नृत्याचा ‘झाकरी’ हा तिथला अवतार गणपतीपुढे आजही रंगतो. भाद्रपदात तिथे थांबा पडणाऱ्या प्रवाशाला विसर्जनाची मिरवणूक दिसू शकेल, एरवी मात्र या समाजासाठी वेगळा, सावकाश दौरा आखावा.

थांब्याचा ठसा

मॉरिशसवर थांबलेल्या प्रत्येकाने काही मागे सोडले आणि काही नेले. डचांनी ऊस आणि हरणे आणली, अबनूस नेला. त्यांच्या जहाजांनी उंदीर आणले आणि डोडो संपला. फ्रेंचांनी गुलाम आणले, ब्रिटिशांनी गिरमिटिये. वाकाशिओचा तर थांबण्याचा बेतही नव्हता, तरी त्याचा भुर्दंड माएबूरच्या कोळ्यांना बसला. या यादीत दोन विमानांच्या मधल्या प्रवाशाचे स्थान नगण्य आहे, पण ते अगदीच शून्य नाही. बहुतेक पर्यटकांच्या गाड्या विमानतळावरून महामार्गाने थेट उत्तर-पश्चिमेच्या हॉटेलांकडे जातात, त्यामुळे बेटाची सुरुवात जिथे झाली तो कोपरा त्यांच्या खर्चाच्या वाटेवर येत नाही. लेओव्हरचा प्रवासी वेळेअभावी नेमका तिथेच अडकलेला असतो. त्याने एग्रेतचे तिकीट काढले, बाजारात ढोलपुरी खाल्ली आणि कसाव्याच्या बिस्किटांचे दोन पुडे घेतले, तर त्याचे थोडे पैसे ज्या हातांनी या कोपऱ्याची दुरुस्ती चालवली आहे त्यांच्यापर्यंत पोहोचतात. चार शतके मुक्काम म्हणून वापरल्या गेलेल्या बेटाला एवढी परतफेड करणे सहज जमण्यासारखे आहे, आणि त्यासाठी तीन तास पुरतात.